आधी विचारणारा हवा

उंबरमाळीहून पहाटेची लोकल धरणाऱ्या माणसाचं जेवण गाडीच्या वेळेवर ठरतं. डबा अंधारात भरायचा, दुपारी कामावर उघडायचा, आणि रात्रीचं ताट समोर येईतो नऊ वाजलेले. त्याला मोबाइलवर कुणीतरी बजावतं, ‘संध्याकाळी सातनंतर अन्नाला शिवू नका.’ सातला तो कल्याणच्या गर्दीत उभा असतो. नियम चांगला असेलही. पण तो या माणसासाठी केलेला नाही.

काही वर्षांपूर्वी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोनदाच जेवणं बरोबर की ऋजुता दिवेकरांचं थोड्या थोड्या वेळानं खाणं, यावर मराठी घराघरांत वाद रंगला. त्या वादात ज्याच्या ताटाबद्दल बोलणं चाललं होतं, त्याची प्रकृती, औषधं आणि कष्ट मात्र कुणी विचारले नाहीत. आपल्याला ‘पी हळद आणि हो गोरी’ असा उपाय हवा असतो. दुधीच्या रसाचंही असंच वेड आलं. 2010 मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा कडू रस पिऊन मृत्यू झाला, तेव्हा आयसीएमआरच्या समितीला सांगावं लागलं की कडू लागलेला रस पिऊ नका.

आमच्या ओळखीच्या एका काकूंनी एक व्हिडिओ पाहून न्याहारी आणि भात सोडला. मधुमेहाची गोळी मात्र चालूच होती. एका दुपारी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. साखर फार उतरली होती. डॉक्टरांनी गोळीची मात्रा तपासली आणि त्यांना आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. सोबत मी गेलो.

“काकू, काल उठल्यापासून काय काय खाल्लंत?”

“काय खाणार ताई, आता पुन्हा भात नि कालवण.”

“भात किती?”

काकूंनी ओंजळ दाखवली. ताईंनी टेबलावरची वाटी पुढे सरकवली. वाटीनं मोजल्यावर कळलं, ताटात भाताचा डोंगर आणि डाळ जेमतेम.

“चहा किती वेळा?”

“तो पण सांगायचा?”

मग घरात स्वयंपाक कोण करतं, शेतात काय पिकतं, रेशनवर काय मिळतं, गोळी किती वाजता घेता, हे सगळं विचारून झालं. कागदावर उतरलं ते ओळखीचंच होतं. सकाळी गोळीबरोबर नागलीची भाकर आणि भाजी चुकवायची नाही. भात निम्मा, वालाचं नाही तर हरभऱ्याचं कालवण दुप्पट. चहातली साखर बंद. भात सुटणार नाही म्हटल्यावर काकूंचा चेहरा उजळला. “आवणीला चिखलात राबाल तेव्हा हा हिशेब बदलेल. त्याआधी परत या,” ताई म्हणाल्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराची 17 मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. त्यात तृणधान्यांतून मिळणारी ऊर्जा 45 टक्क्यांच्या आसपास ठेवा, डाळी-भाज्या वाढवा, असा सल्ला आहे. तो काकूंच्या वाटीत किती आणि कसा बसवायचा, हे ज्ञान आहारतज्ज्ञाकडे असतं. काकूंसारख्या शहापूर-मुरबाडच्या बायकांना अन्नाची जाण नाही असं मुळीच नाही. शेवळांची रानभाजी काकडाच्या फळांशिवाय शिजवली तर घसा खाजतो, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, आणि ती त्यांच्याच माळावर पिकते. पण मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, गरोदरपण किंवा अंगात रक्त कमी असणं, अशा वेळी कुठला घास किती, हे शिकलेल्या माणसालाच विचारावं.

2021च्या केंद्रीय कायद्यानं आहारतज्ज्ञांचा समावेश आरोग्य व्यावसायिकांत केला आहे. तेव्हा सल्ला देणाऱ्याला त्याचं शिक्षण विचारायला संकोच नको. आणि असा सल्ला कल्याण-ठाण्याला जाऊ शकणाऱ्यांपुरता राहू नये. शहापूर-मुरबाडच्या सरकारी दवाखान्यांत तो ठरल्या वारी, फुकट मिळायला हवा. तोवर एक कसोटी प्रत्येकाच्या हातात आहे. तुम्ही काय खाता, हे न विचारता काय खावं ते जो सांगतो, त्याचं ऐकून ताटातला एक घासही कमी करू नये.