दादरा-नगरहवेली : एका सनदेची कथा

वापी स्थानकावर उतरून सिल्वासाकडे जाऊं लागलें म्हणजे वाटेंत प्रथम दादरा लागतें. तेथून गुजरातची चिंचोळी पट्टी ओलांडली कीं नगरहवेली सुरू होते. दमणगंगेचें पात्र, वारली-कोकणा लोकांचे पाडे आणि खानवेलकडील वनश्री पाहून आमचें मन निवालें. सिल्वासाच्या आसपास मात्र आतां कारखान्यांचीच दाटी. ती चिंचोळी पट्टी प्रवाशाच्या ध्यानांतही येत नाहीं. पण तिच्यावरून जाण्याचा हक्क कोणास, याचा निवाडा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयास करावा लागला, आणि त्यासाठीं पेशवाईंतील सनदांचा अर्थ तेथें लावला गेला, हें मराठी वाचकांस ठाऊक असावें.

मूळ गोष्ट सवाई माधवरावांच्या कारकीर्दींतील. इ. स. १७७९ च्या तहांत पुणें दरबारानें पोर्तुगीजांस स्नेहाखातर १२,००० रुपये उत्पन्नाचीं गांवें देण्याचें कबूल केलें. १७८३ व १७८५ च्या सनदांनीं तीं नेमून दिलीं. पुढें पेशवाई बुडाली, इंग्रज आले. त्यांनीं पोर्तुगीजांचा अंमल निमूटपणें चालूं दिला. उत्पन्न खाणारा अशा रीतीनें हळूहळू धनी होऊन बसला.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टांत स्वातंत्र्यसैनिकांनीं हा मुलूख सोडविला. त्यांत गायक-संगीतकार सुधीर फडके हेही होते. दमणहून येण्यास भारतानें वाट दिली नाहीं, म्हणून पोर्तुगालनें डिसेंबर १९५५ मध्यें दावा लावला. भारताच्या वतीनें नेमलेले न्यायाधीश म्हणून महंमद करीम छागला त्या न्यायासनावर बसले.

१२ एप्रिल १९६० रोजीं निकाल लागला. मराठ्यांनीं दिला तो वसुलाचा अधिकार, राज्याधिकार नव्हे, असें न्यायालयानें ठरविलें. बंड झाल्यास तें मोडण्याची मुभा सनदेनें दिली होती. जो स्वतःच सार्वभौम, त्यास अशी मुभा कशास हवी? परंतु इंग्रजांनीं पोर्तुगीजांचें स्वामित्व व्यवहारांत मानलें व पुढें भारतानेंही तें तसेंच चालविलें. म्हणून खासगी माणसें, मुलकी अंमलदार व सामान्य माल यांस १९५४ सालीं वाटेचा हक्क होता, असें ११ विरुद्ध ४ मतांनीं ठरलें. फौज, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांस तो नव्हता, हें ८ विरुद्ध ७ मतांनीं. आणि वाट रोखण्यांत भारताकडून कर्तव्यभंग झाला नाहीं, हें ९ विरुद्ध ६ मतांनीं.

आमच्या शास्त्रकारांस हा न्याय अपरिचित नव्हता. भोग वेगळा आणि स्वत्व वेगळें, हें ते जाणत. तथापि मालकाच्या देखत, त्याच्या हरकतीवांचून परक्यानें भूमि २० वर्षें भोगली तर मालकाचा हक्क जातो, असें याज्ञवल्क्यस्मृति सांगते. पुणें दरबारानें शब्द जपून वापरले. नंतरच्यांच्या मौनानें त्यांची धार गेली.

न्यायालयानें निवाडा केला तो वाटेचा. मुलुखाचें भवितव्य तेथील लोकांच्या हातीं राहिलें. सात वर्षें वरिष्ठ पंचायतीनें कारभार पाहिला आणि ११ ऑगस्ट १९६१ रोजीं हा प्रदेश भारतांत विलीन झाला. पोर्तुगालनें १९७४ अखेरच्या तहानें तें मान्य केलें. २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीव यांसह हा एकच केंद्रशासित प्रदेश आहे.

ज्या घरांत अनेक भाऊ एका छपराखालीं नांदतात, त्यांस यांतून घेण्याजोगें पुष्कळ आहे. देतांना काय दिलें व काय राखलें तें स्पष्ट लिहावें, कागद जपावा, आणि बोलण्याची वेळ आली असतां संकोचानें गप्प बसूं नये.