उचंत खात्यातले तास

‘लेओव्हर’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो मला शिंप्याच्या दुकानातला वाटला. इंटरलॉक, ओव्हरलॉक, तसाच लेओव्हर. अमेरिकेतल्या भाच्याने खुलासा केला. एका विमानातून उतरून दुसरे सुटेपर्यंत ताटकळायचे, त्या ताटकळण्याला लेओव्हर म्हणतात.

“म्हणजे गाडी बदलणं,” मी म्हणालो.

“तसं नाही मामा. त्याचं प्लॅनिंग करावं लागतं.”

मग त्याने प्लॅनिंग समजावले. सामान लॉकरमध्ये टाकायचे, मेट्रो पकडून शहरात शिरायचे, दोन प्रेक्षणीय स्थळे आणि एक स्थानिक पदार्थ उरकायचा आणि तीन तास आधी परत हजर व्हायचे. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर तर लांब मुक्काम असलेल्या प्रवाशांना फुकट शहर दाखवून आणतात म्हणे.

आता हे तो सांगत कोणाला होता? भुसावळच्या माणसाला! कोकणातल्या माणसाला नारळ सोलायला शिकवावे, तसलाच हा प्रकार.

1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, असे आपण शाळेत घोकले. पण ठाण्याला जाणारा माणूस मध्ये थांबणार कुठे? थांबण्याची खरी सोय झाली ती रूळ भुसावळला येऊन त्यांना दोन फाटे फुटले तेव्हा. एक फाटा अकोल्यावरून 1867 साली नागपूरला पोचला. दुसरा तापी ओलांडून खंडव्यावरून 1870 साली जबलपूरला गेला आणि मुंबई थेट कलकत्त्याला जोडली गेली. तेव्हापासून भुसावळला येणारे थोडे आणि भुसावळवरून जाणारे फार. लग्नकार्यात कोणी विचारले, “आपण कुठले?” आणि मी “भुसावळचा” म्हणालो, की समोरच्याचा चेहरा उजळतो. “हो हो, बघितलंय की! रात्री दोन वाजता.”

भुसावळ पाहिलेले असंख्य लोक महाराष्ट्रात आहेत, पण त्यांतल्या बहुतेकांनी ते खिडकीतून आणि अर्धवट झोपेत पाहिलेले आहे.

आमच्या बँकेत उचंत खाते नावाचे एक प्रकरण असते. पैसे तर आलेले असतात, पण कोणाच्या नावावर जमा करायचे ते समजत नाही. ते तात्पुरते या खात्यात ठेवतात. ऑडिटर आला की चहाच्या आधी तेच उघडतो. दोन गाड्यांमधले तास मला नेहमी असेच उचंत खात्यातले वाटतात. निघालो त्या गावाने आपल्याला वजा केलेले असते आणि जायचे त्या गावाने अजून जमा करून घेतलेले नसते. त्या वेळेत माणूस कोणाचा कारकून नसतो, कोणाचा जावई नसतो. तो नुसता बाकावर बसलेला असतो.

आणि तेवढेच बहुतेकांना जमत नाही. काही जण दर दहा मिनिटांनी चौकशीच्या खिडकीशी जातात. काही जण ट्रंकेवर पाय, पायांवर पिशवी आणि पिशवीवर हात ठेवून झोपेचे सोंग घेतात. खरा मुरलेला प्रवासी अर्ध्या तासात शेजाऱ्याशी नाते काढतो. “तुम्ही रावेरचे? मग तुम्ही आमच्या मेहुण्यांचे साडूच की!” त्यानंतर केळी सोलली जातात.

भाच्याच्या धर्तीवर भुसावळचे प्लॅनिंग सांगायचे तर, दोन तास असतील तर स्टेशन सोडू नये. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा गावात प्रेक्षणीय स्थळ एकच असते, ते म्हणजे पंखा. तो फलाटावरही आहे. चार तास असतील तर गावात जाऊन शेवभाजी खावी. थंडीचे दिवस असतील आणि कोणी ओळखीचे असेल, तर पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी. आमच्या जिल्ह्याच्या केळ्यांना आणि भरिताच्या वांग्यांना 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. आमच्या शाखेतल्या कितीतरी खातेदारांची केवायसी अजून अपुरी आहे, पण वांग्यांची कागदपत्रे पूर्ण आहेत.

आठ तास असतील तर मात्र चांगदेवला जावे. त्यांचे चांगी, आमचे चांगदेव. तापी आणि पूर्णा यांचा तिथे संगम आहे, जुने दगडी देऊळ आहे. चांगदेव महाराज योगबळाने 1400 वर्षे जगले अशी कथा आहे. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला बसले तर मायना काय लिहावा ते सुचेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. त्यावर चिमुरडी मुक्ताबाई म्हणाली, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला! पुढे त्यांनी तिलाच गुरू केले. मुक्ताबाईचे मुक्ताईनगरही तिथून जवळच आहे. घाटावर बसले की वाटते, 1400 वर्षे थांबलेल्या माणसाच्या शेजारी राहून आपण पुढच्या गाडीची घाई का करावी?

हे झाले पाहुण्यांचे. भुसावळकरांसाठी लेओव्हर म्हणजे डबा. नात्यातले कोणीही खंडव्याहून अकोल्याला किंवा नागपूरहून सुरतेला निघाले की आधी आमच्याकडे पोस्टकार्ड येई: अमुक तारखेला, अमुक गाडीने. ख्यालीखुशाली पुढच्या ओळीत. आई कार्ड वाचून पीठ मळायला घेई आणि आप्पा सायकलला डबा अडकवून स्टेशनवर जात.

1988 साली एक कार्ड आले ते आत्याचे नव्हते, आत्याच्या जावेचे होते. आप्पा आणि आत्या सहा वर्षे बोलत नव्हते. आजीच्या पाटल्यांवरून बिनसले होते. चांगदेवांनी निदान कोरा कागद तरी पाठवला, या दोघांनी तेवढेही केले नव्हते. जावेने लिहिले होते की वहिनी मंगळवारी अकोल्याला निघाल्यात, रात्री अकराला भुसावळला उतरतील, पुढची गाडी पहाटे पाचला. बस्स, एवढेच.

मंगळवारी आप्पा कोणाशी काही बोलले नाहीत. आईने न विचारता भरीत केले. रात्री आप्पा म्हणाले, “जरा गाडी बघून येतो,” आणि डबा घेऊन निघाले. मी सायकलच्या दांडीवर बसलो.

आत्या फलाटाच्या टोकाला ट्रंकेवर बसली होती. आप्पांनी डबा शेजारी ठेवला. बराच वेळ दोघे समोरच्या मालगाडीचे डबे मोजत असावेत. शेवटी आप्पा म्हणाले, “अक्का, जेवलीस का?”

आत्याने डबा उघडला. दोन घास खाल्ले. म्हणाली, “तुझ्या बायकोनं मिरची मोजून घातलीय वाटतं.”

आप्पा हसले. सहा वर्षांत आत्याने त्यांना बोल लावायची ती पहिलीच वेळ होती. पुढे मी बाकावर झोपलो. जाग आली तेव्हा ती दोघे लहानपणीच्या कुठल्याशा म्हशीबद्दल बोलत होती. पाटल्यांचे नाव निघाले नाही. पहाटेच्या गाडीत आत्या बसली आणि डबाही तिच्याबरोबर गेला. आप्पांनी तो मागितला नाही आणि तिने दिला नाही.

पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आले, या वेळी आत्याच्या अक्षरात. अमुक गाडीने परत जातेय, डबा घेऊन जा. रिकामा डबा परत करायची आपल्याकडे रीत नाही, त्यामुळे त्यात लाडू होते. लाडवांचा डबा पुन्हा रिकामा कसा पाठवायचा? असा तो डबा पुढे कित्येक वर्षे भुसावळ-खंडवा करत राहिला. पाटल्यांचा निकाल आजतागायत लागलेला नाही. त्या कोणाकडे आहेत हेही आता कोणी विचारत नाही. ऑडिटरला हे पटणार नाही, पण रक्कम शिल्लक असूनही आमचे खाते जुळले.

आता थेट गाड्या पुष्कळ झाल्या. लोक झोपेतच भुसावळ ओलांडतात, आणि ज्यांना घाई आहे ते विमानाने डोक्यावरून जातात. तरीही कधी तुम्हाला इथे गाडी बदलायची वेळ आलीच आणि मध्ये चार-सहा तास असले, तर आधी कळवा. भरीत घेऊन येतो. मिरची किती घालायची तेही लिहा.

डबा मात्र परत पाठवायचा, आणि रिकामा नाही.