शाखा बदलताना

आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी वकील नव्हता. पिंपळगाव बसवंतला बाबांचे कांद्याचे खळे. लिलाव, वह्या आणि उधारी यांतच आम्ही भावंडे वाढलो. पदवीनंतर मी मुंबईच्या एका वकिली फर्ममध्ये रुजू झालो. काम मालमत्तेचे होते. सातबारे, फेरफार व जुनी खरेदीखते वाचून मालकीची साखळी तपासायची. काम स्वच्छ होते आणि मी त्यात रमलो होतो.

त्याच सुमारास बाबांचे पैसे थकवणारी परगावची एक कंपनी दिवाळखोरीत गेली. धनकोंनी मुदतीत दावे दाखल करावेत, अशी जाहीर नोटीस वर्तमानपत्रात आली होती. बाबा वर्तमानपत्रात फक्त बाजारभाव पाहत. मी वकील असूनही मला त्या प्रक्रियेची माहिती नव्हती. मुदत टळली. बाबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच अधिक लागले.

दोन वर्षे पूर्ण होताच मी दिवाळखोरी विभागात बदली मागितली. ज्येष्ठांनी सांगितले, "ज्येष्ठता जाईल, विचार करा." ती गेलीच. माझ्याहून वयाने लहान सहकारी मला अर्ज भरायला शिकवू लागला. सहा महिने वाटत राहिले की आपण चुकलो. पुढे ध्यानात आले, की जुने शिक्षण वाया गेलेले नाही. खरेदीखतांत तुटलेला दुवा शोधणारी नजरच आता खातेउताऱ्यांत उपयोगी पडत होती.

नव्या कामाने एक कटू सत्यही शिकवले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत धनकोंच्या समितीत मताचा अधिकार मुख्यतः बँकांसारख्या कर्जदात्यांना असतो. माल पुरवणारा व्यापारी रांगेत बराच मागे उभा असतो. शिवाय मार्च २०२० पासून एक कोटीहून कमी थकबाकीसाठी या मार्गाने प्रक्रिया सुरू करता येत नाही. लहान पेढीला बहुधा धनादेशाच्या कायद्याचाच आधार उरतो. धनादेश न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, देणेकऱ्याला पंधरा दिवसांची संधी आणि त्यानंतर महिन्याच्या आत फिर्याद.

या काळात मला गांधीजींची आठवण होई. १८९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेल्यावर दादा अब्दुल्ला यांच्या खटल्यासाठी त्यांना जमाखर्चाचे शास्त्र नव्याने शिकावे लागले. लवादाचा निर्णय अशिलाच्या बाजूने लागला. परंतु सुमारे सदतीस हजार पौंड एकरकमी मागितले असते तर प्रतिपक्ष दिवाळखोर झाला असता. गांधीजींनी अशिलाचे मन वळवून हप्ते मिळवून दिले. आपला हक्क पूर्ण राखूनही दुसऱ्याचे घर उभे राहू देणे, ही अहिंसा व्यापारातही शक्य आहे, हे मला त्यातून उमगले.

आपल्या मुलांनी वकिलीत शाखा बदलायची म्हटले, तर घरच्यांनी घाबरू नये. पहिल्या दोन-तीन वर्षांत मागे पडणे परवडते. मात्र बदल कशासाठी, हे त्यांना विचारावे. माझे कारण बाबांच्या त्या वहीत होते. ती रक्कम आजही येणेच आहे.

बाबा आता बाजारभावाबरोबर जाहीर नोटिसांचे पानही वाचतात.