चषकाविना गेलेला हंगाम

आमच्या तालमीच्या फुटबॉल संघानं यंदा काहीही जिंकलं नाही. लीगमध्ये मधल्याच कुठल्यातरी जागेवर राहिला, एका नॉकआउट स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली आणि टायब्रेकरवर हरला. हिशेब एवढाच. तरी वळवाचा पाऊस सुरू होऊन शाहू स्टेडियमवर शुकशुकाट झाला की पेठेतल्या कट्ट्यावर या हंगामाचीच चर्चा चालते. शेवटची पेनल्टी त्यानंच का मारली, इथपासून सुरुवात होते आणि मध्यरात्र उलटली तरी मिटत नाही.

कोल्हापूरबाहेरच्यांना हे थोडं फोड करून सांगायला हवं. इथले संघ कंपन्यांचे किंवा मालकांचे नाहीत, बहुतेक तालमींचे आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही पेठांतल्या तालीम मंडळांची नावं. तांबड्या मातीत घुमणारी पोरं पुढं चेंडूमागं धावू लागली, पण तालमीचा गणपती, वर्गणी आणि शेजारच्या तालमीशी असलेली चुरस तशीच राहिली. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, म्हणजे केएसएच्या, वरिष्ठ गटात १६ संघ खेळतात आणि सगळ्यांचं मैदान एकच. परगावी जाऊन हरण्याची सोय इथं नाही. ज्यानं आपल्यावर गोल केला, तो दुसऱ्या दिवशी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर भेटतो आणि मुद्दाम हाक मारून तब्येत विचारतो.

म्हणूनच गुणतक्त्यातली जागा आम्हाला फारशी बोचत नाही. शेजारच्या पेठेला हरवलं की नाही, हे आधी विचारलं जातं. यंदा एकदा हरवलं. त्या संध्याकाळी हलगी घुमकं वाजवत निघालेली मिरवणूक पाहून एखाद्या परक्या माणसाला आम्ही देशाची स्पर्धा जिंकली असंच वाटलं असतं.

देशाच्या स्पर्धा जिंकणाऱ्यांचं मात्र काय झालं ते आठवावं. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा पंजाबचा जेसीटी २०११ मध्ये बंद झाला. मुंबईचा महिंद्रा युनायटेड २००५-०६ चा विजेता, तो २०१० मध्ये विसर्जित झाला. २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब या गोव्याच्या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतलं. पुण्याचा एफसी पुणे सिटी तर २०१९ मध्ये पाच वर्षं पुरी होताहोताच आटोपला. मालकाला परवडेनासं झालं की पुढं कोणाची संमती लागत नाही. तालीम अशी बंद कोण करणार? तिचा मालक कोण हेच कोणाला धड सांगता येत नाही. कोरोनात मैदान ओस पडलं, तेव्हाही तालमीचा दरवाजा उघडाच होता.

याचा मला अभिमान आहे, पण यंदाच्या हंगामानं त्याला थोडी खोट आणली. नेत्यांच्या नावाचे चषक आले, बक्षिसांच्या रकमा फुगल्या आणि त्यामागोमाग बाहेरून आणलेले खेळाडूही आले. आफ्रिकेतून आलेल्या पोरांबद्दल माझी तक्रार नाही. ती जीव तोडून खेळतात, आणि आमचा नायजेरियन स्टॉपर तर महिन्याभरात तांबडा रस्सा वाटीनं पिऊ लागला. तक्रार आपल्याच लोकांबद्दल आहे. उपांत्य सामन्यात गल्लीतला डावखुरा फॉरवर्ड पूर्ण वेळ बाकावर बसून होता. पोरगा पहाटे पेपर टाकतो, दिवसा कॉलेज करतो आणि संध्याकाळी सरावाला सगळ्यांत आधी येतो. त्याच्या जागी हंगामापुरता आणलेला गडी खेळला, आणि टायब्रेकरला पाय लटपटले ते त्याचेच. आमचा डावखुरा असता तर जिंकलो असतो असं मी म्हणत नाही. आपल्या पोराच्या पायानं हरलो असतो, एवढंच.

आणि अशा पोरानं पुढं जायचं कुठं? २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, पण त्याला लहानपणीच पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीची वाट धरावी लागली. मुलींची गोष्ट त्याहून वेगळी. एफसी कोल्हापूर सिटीच्या मुली भारतीय महिला लीगमध्ये खेळून आल्या, म्हणजे या शहरातून देशाच्या स्पर्धेत उतरण्याचं काम पोरींनी करून दाखवलं. आमच्या तालमीत मात्र मुलींच्या संघाचा विषय निघाला की लगेच चहा मागवला जातो.

गॅलरीतल्या हुल्लडबाजीवर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक वाक्य लिहितोच: बाटल्या फेकणारा आमच्या पेठेतला असला तरी त्याला आमचा म्हणायला मी तयार नाही.

आता पावसाळाभर तालीम निवांत असेल. नंतर खेळाडू नोंदणीची गडबड सुरू होईल, आणि कोण कुठल्या संघात गेला याच्या बातम्या स्थानिक पेपरांत पहिल्या पानावरच्या राजकारणाइतक्या आवडीनं वाचल्या जातील. त्याआधी तालमीची बैठक होईल. पेठेतल्या प्रत्येकानं तिथं यावं, वर्गणीची पावती फाडावी आणि पदाधिकाऱ्यांना उभं राहून विचारावं, की पुढच्या हंगामात पहिल्या अकरांत आपल्या गल्लीतली पोरं किती?