गॅसची गोळी

मराठी घरात ‘गॅसची गोळी’ म्हणून जी नांदते, ती गॅसवर काम करत नाही. ‘पित्ताची गोळी’ म्हणावं, तर यकृतात तयार होणाऱ्या पित्तालाही ती हात लावत नाही. पँटोप्रॅझोल घ्या, रॅबेप्रॅझोल घ्या, नाहीतर ओमेप्रॅझोल. जठराच्या पेशींमधले आम्ल सोडणारे पंप बंद पाडणं, एवढंच तिचं काम. नावाचा हा घोळ मला निव्वळ भाषेचा वाटत नाही. करपट ढेकर, फुगलेलं पोट, मळमळ, दुखरं डोकं, सगळं आपण ‘पित्त झालंय’ या एकाच खात्यावर मांडतो आणि उतारा म्हणून तीच गोळी घेतो. माझी तक्रार गोळीबद्दल नाहीच. ती सुरू होते आणि थांबवायची कोणाच्या लक्षात राहत नाही, याबद्दल आहे. पाच दिवसांची अँटिबायोटिक्स पाचव्या दिवशी संपतात. त्यांच्यासोबत लिहिलेली ही गोळी मात्र ‘तीच स्ट्रिप परत द्या’ म्हणत वर्षभर चालते.

औषध म्हणून ती थोरच आहे. ब्रिटनमध्ये १९७६ साली सिमेटिडिन हे आधीचं आम्ल दाबणारं औषध आलं, १९८८ साली ओमेप्रॅझोल बाजारात उतरलं, आणि अल्सरसाठी पोट उघडण्याची वेळ क्वचितच येऊ लागली. पण मार्शल आणि वॉरन यांना २००५ साली नोबेल मिळालं ते आम्ल दाबण्यासाठी नव्हे. बहुतेक अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू असतो, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आलं. म्हणजे दोनेक आठवड्यांच्या औषधांनी जो आजार मुळापासून जाऊ शकतो, तो रोजच्या गोळीखाली नुसता झाकून ठेवता येतो. वर ही गोळी चालू असताना जंतूची श्वासाची तपासणी केली, तर जंतू असूनही ती ‘नाही’ असं सांगू शकते. म्हणून तपासणीआधी दोन आठवडे ती बंद ठेवायला सांगतात.

‘बंद केली की दुसऱ्याच दिवशी जळजळतं, म्हणजे मला ती लागतेच,’ हा युक्तिवाद सर्वांत पटणारा, आणि माझ्या मते सर्वांत फसवा. आम्ल दबलं की शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक वाढवतं आणि आम्ल तयार करणारी यंत्रणा जोर धरते. गोळी थांबली की तो साठलेला जोर उसळतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका प्रयोगात पोटाची कसलीही तक्रार नसलेले १२० जण घेतले होते. निम्म्यांना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल दिलं, उरलेल्यांना नुसती दिखाऊ गोळी. पुढच्या चार आठवड्यांत औषध सोडलेल्या गटात ४४ टक्क्यांना जळजळ किंवा आंबट पाण्यासारखा त्रास झाला, दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. धडधाकट माणसांना गोळीनेच गोळीची गरज लावली! हे लोक निरोगी होते, रुग्णांचं वेगळं असेल, हा आक्षेप रास्त आहे. पण मग रुग्णाच्या बाबतीतही उलटलेला त्रास मूळ आजाराचा की गोळी सोडल्याचा, हे दोन दिवसांत ठरवता येत नाही. डोस हळूहळू उतरवून, मधे जळजळलं तर साधं अँटासिड घेऊन काही आठवडे थांबावंच लागतं.

दुसऱ्या टोकाला, ‘मूत्रपिंडं जातात, हाडं ठिसूळ होतात’ अशी भीती घालणारे मेसेज फिरतात. मला त्यांचीही बाजू घेता येत नाही. पँटोप्रॅझोल आणि दिखाऊ गोळी यांची तुलना १७,५९८ लोकांवर सुमारे तीन वर्षं झाली; स्पष्ट फरक दिसला तो फक्त आतड्यांच्या संसर्गात, १.० टक्क्यावरून १.४ टक्के. फरक छोटा आहे. मात्र जठरातलं आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहारा आहे, आणि टँकरच्या पाण्यावर, गाडीवरच्या पाणीपुरीवर जगणाऱ्या पोटाला तो पहारा उठवणं तेवढंच स्वस्त पडेल, असं मी धरून चालणार नाही.

ज्यांना रक्तस्रावी अल्सर होऊन गेलाय आणि ॲस्पिरिन चालू आहे, ज्यांच्या अन्ननलिकेला आम्लाने जखमा झाल्यात, त्यांनी हे वाचून गोळी सोडू नये. त्यांच्यासाठी ती खरोखर रोजची आहे. पण तीही बहुतेकदा चुकीच्या वेळी पोटात जाते. पंप जागे होतात ते खाण्यामुळे, आणि औषध रक्तात जेमतेम काही तास टिकतं. म्हणून ती खाण्याआधी अर्धा तास, न चावता घ्यायची. मिसळ खाऊन छाती पेटल्यावर घेतलेली गोळी त्या जळजळीला वेळेवर पोचतच नाही.