लिहिलेले दाखविताना

मजकूर एकदा छापून झाला की त्याचे आयुष्य संपले, असे आपण सहज मानतो. माझा अनुभव निराळा आहे. चांगल्या मजकुराला दुसरा जन्मही मिळतो. मात्र त्या जन्मात त्याला पहिले शरीर बरोबर नेता येत नाही. हा विचार मला एखाद्या अलंकारशास्त्राच्या ग्रंथात सापडला नसून कोकमाच्या धंद्यात सापडला, हे वाचून वाचकांना हसू येईल. पण ते खरे आहे.

आमचे तेरेखोल नकाशावर मोठे चमत्कारिक दिसते. गोव्याचा हा चिमुकला तुकडा नदी ओलांडून उत्तरेकडे राहिलेला. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस नदी आणि उरलेल्या बाजूंस सिंधुदुर्ग जिल्हा. पलीकडे केरीला जावयाचे तर फेरीबोट गाठावी लागते. अशा ठिकाणी दुकान थाटून गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात अर्थ नाही, हे ओळखून माझा एक जुना विद्यार्थी गेली काही वर्षे आमसुले, आगळ आणि भिरंडेल टपालाने बेळगाव, बडोदे, हैदराबाद येथील मराठी घरांत धाडीत असतो. प्रत्येक पुडक्यात तो एक छापील पत्रक घालतो. आमसूल कसे होते, आगळ आणि अमृत कोकम यांत भेद काय, पायांच्या भेगांवर भिरंडेल कसे लावावे, असे विषय. अशी चाळीसेक पत्रके त्याने लिहिली. शुद्धलेखन मी तपासीत असे, त्यामुळे त्यांच्याविषयी मला थोडे ममत्व आहे.

दोन वर्षांपूर्वी बडोद्याच्या एका वृद्ध गिऱ्हाइकिणीने त्याला कळविले, की पत्रके आपण जपून ठेवतो, परंतु नातवंडे ती हातात धरीत नाहीत. मराठी ऐकली की त्यांना समजते. पानभर मराठी वाचण्याचा धीर मात्र त्यांना नाही. महाराष्ट्राबाहेरच्या किती घरांत हीच स्थिती आहे, हे या मासिकाच्या वाचकांना मी सांगावयास नको. आजीनंतर त्या घरात सोलकढी होईल की नाही, हा प्रश्न त्या चार ओळींत होता, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या पोटापाण्याचा प्रश्नही त्यातच होता. त्याने ठरविले, की पत्रकांच्या चित्रफिती करावयाच्या. हे काम करून देणारी माणसे शहरात आहेत; पण त्यांचा मोबदला ऐकून तो परत आला. खिशातला मोबाइल आणि घरचे अंगण, एवढेच भांडवल.

पहिल्या खेपेस त्याने पत्रक जसेच्या तसे वाचले आणि मागे किल्ल्याचे छायाचित्र ठेवले. सहा मिनिटांची ती फीत पाहताना त्याची आईसुद्धा पेंगली. मग आम्ही घड्याळ लावून बसलो. सावकाश बोलले तर मिनिटाला सुमारे सव्वाशे शब्द होतात. दोन मिनिटांची फीत हवी असेल, तर सातशे शब्दांच्या पत्रकातले साडेचारशे शब्द गेले पाहिजेत. कोणते जावेत? मी त्याला तांबडी पेन्सिल दिली आणि सांगितले, की जे वाक्य हात करून दाखवू शकतो ते आधी खोड. रातांबा फोडणे, गर आणि बिया निराळ्या करणे, साल मीठ घातलेल्या रसात बुडवून उन्हात टाकणे, पुन्हा बुडविणे, पुन्हा वाळविणे: पत्रकाची दोन पाने यातच खर्ची पडली होती. चित्रात त्याला एक शब्द लागला नाही. उलट ‘रंग काळसर होईपर्यंत का थांबावे’ हे कारण चित्र सांगू शकत नाही. ते वाक्य राहिले.

यात नवे काही नाही. येथून फार दूर नसलेल्या कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी हेच करीत आले. रामायण-महाभारतातील एका कथेची चित्रे म्हणजे एक पोथी. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीवर एकेक चित्र पुढे धरून कथा सांगावयाची. चित्रात जे दिसते त्याचे वर्णन करीत बसणे तेथे नाही. त्याच कलेचे जतन करणारे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा शाळेत मी मुलांना मुद्दाम ही गोष्ट सांगितली होती.

दुसरे उदाहरण तर आमच्या शेजारचे. शिरोडे येथून हाकेच्या अंतरावर म्हणावे असे. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ तेथे शिक्षक होते आणि त्याच काळात, १९३६ साली, त्यांची कथा असलेला ‘छाया’ हा मास्टर विनायकांचा चित्रपट आला. उपमा-रूपकांनी बहरणाऱ्या त्या लेखणीलाही पडद्यापुढे नटाच्या चेहऱ्यासाठी जागा सोडावी लागली असेल. आमच्या कोकमवाल्याला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “सर, मग माझ्या पत्रकांचे काय घेऊन बसलात!”

आवाज कोणाचा, यावर मात्र आमचे मतभेद झाले. मुंबईच्या एखाद्या सफाईदार गळ्याकडून वाचून घ्यावे, असे त्याच्या मनात. मी म्हटले, आईला बोलू दे. ती बाई आयुष्यभर सोले वाळवीत आली. किती दिवस उन्हात ठेवायची, असे विचारताच ती सालीवरून बोट फिरवून म्हणाली, “हात लावल्यार कळता, मास्तरानू.” पत्रकात या जागी दिवसांचा आकडा होता. फितीत आकडा खाली अक्षरांत दिला आणि वाक्य तिचेच ठेवले. खाडीवरचा वारा फार, म्हणून बोलणे घरात ध्वनिमुद्रित केले. चित्रे सकाळच्या उन्हात घेतली.

सगळीच पत्रके अशी वळत नाहीत. मिठाच्या जुन्या व्यवहारावर त्याने एक सुरेख पत्रक लिहिले आहे; त्यात दाखविण्यासारखे काही नाही, सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ते पत्रकच राहावे, असा माझा आग्रह, आणि पुडक्यांत ते अजून जाते.

आतापर्यंत अकरा फिती झाल्या. बडोद्याच्या आजींनी कळविले आहे, की धाकटी नात आता ‘आगळ’ हा शब्द बरोबर उच्चारते. भिरंडेलाची फीत अर्धीच आहे. बिया कढविण्याचे दृश्य घेण्यापूर्वी गेल्या वर्षी पाऊस आला. आता रातांबे पिकेपर्यंत थांबणे आले.