दुसऱ्याचा डाव

बुद्धिबळ खेळण्यापेक्षा बघायला मला जास्त आवडतं, आणि हे मी लहानपणापासून सांगत आले आहे. मला कुणी खेळू नको म्हटलं नव्हतं. रोह्याला आमच्या ओटीवर पट मांडला गेला की आजोबा स्वतःच विचारायचे, "बसतेस का गं?" मी मान हलवायचे आणि खांबाला टेकून बसायचे. समोर शेजारचे वकीलकाका. बाहेर पाऊस, कुंडलिकेला पाणी चढलेलं, बाजार लवकर मिटलेला. दिवेलागणीपर्यंत त्या दोघांच्या तोंडून शब्द निघत नसे. खेळायचे ते जुन्या देशी रिवाजाने. कॅसलिंग वगैरे काही नाही, राजाला डावात एकदा घोड्याची चाल, बस.

बघणाऱ्याला नियम एकच होता, बोलायचं नाही. चाल सुचली तरी नाही, कुणाचा उंट फुकट जाताना दिसला तरी नाही. मला तो नियम कधी जाचला नाही. तोंड बंद ठेवायचं ठरलं की डोकं चालू लागतं. आता आजोबा काय खेळतील हे मी मनाशी ठरवायचे. ते वेगळंच खेळले की का खेळले ते शोधत बसायचे. दुसऱ्याच्या विचारामागून इतका वेळ चालता येतं हे मला त्या ओटीवर कळलं. दुसऱ्या कुठल्या खेळात हे सुख मला मिळालेलं नाही.

१९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा आमच्या घरात पुष्कळ दिवस दुसरा विषय नव्हता. मुलीने तिथे खेळण्यावर हरकत घेतली गेली. प्रकरण थेट जागतिक संघटनेकडे गेलं आणि अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की बाई आहे म्हणून कुणाला राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून वगळता येणार नाही. युवे स्वतः माजी जगज्जेते. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींनी महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद त्या काळात घरातच ठेवलं होतं. मग सांगलीची भाग्यश्री साठे आली. त्या साऱ्यांचे डाव आम्ही पाहिले ते वर्तमानपत्रात, चालींच्या बारीक अक्षरांतल्या रकान्यातून.

पुढे मी लग्न होऊन पेणला आले, शाळेत गणित शिकवू लागले. १९९५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये आनंद आणि कास्पारोव्ह समोरासमोर बसले. पहिले आठ डाव बरोबरीत, नववा आनंदने घेतला आणि दहाव्यात कास्पारोव्हने तो असा परतवला की सामन्याचा रंगच पालटला. शेवटी साडेदहा विरुद्ध साडेसात. चाली हातात पडेपर्यंत निकाल जुना झालेला असायचा. मी पट मांडायचे, छापलेल्या चालींवर पोस्टकार्ड ठेवायचे आणि एकेक ओळ उघडत जायचे. ओळ उघडण्याआधी माझी चाल ठरलेली असली पाहिजे, हा दंडक. पोस्टकार्ड घाईने सरकवलं तर डाव नुसता वाचून होतो, बघून होत नाही.

मोठ्या खेळाडूंचा प्रत्यक्ष चालू असलेला डाव मी पहिल्यांदा पाहिला तो डिसेंबर २००० मध्ये, पेणच्या एका सायबर कॅफेत. तेहरानला आनंद आणि शिरोव्ह जगज्जेतेपदासाठी खेळत होते. टेलिफोनच्या तारेवरून येणारं ते इंटरनेट, पान पुन्हा पुन्हा ताजं करायचं, मग कधीतरी एखादं प्यादं एक घर पुढे गेलेलं दिसायचं. चित्र नाही, आवाज नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला होता. वर्तमानपत्रातल्या डावात पुढची चाल कागदावर असते, आपण ती झाकलेली असते. इथे ती कुठेच नव्हती. ज्याला ती खेळायची होती त्यालाही ती अजून ठाऊक नव्हती. तो तिकडे विचार करत होता आणि त्याच क्षणी, त्याच पटावर, मी पेणमध्ये विचार करत होते. आनंद साडेतीन-अर्धा असा जिंकला आणि भारताला पहिला जगज्जेता मिळाला.

२०१३ मध्ये चेन्नईचा आनंद-कार्लसन सामना दूरदर्शनने थेट दाखवला, घरबसल्या, मोठ्या पडद्यावर. आनंद हरला. त्याबद्दल आजही फार बोलवत नाही.

मग सगळं फोनवर आलं. सागर शाह आणि अमृता मोकल यांच्या चेसबेस इंडियाने आपल्याकडच्या बघणाऱ्यांची संख्या किती वाढवली याचा हिशेब मांडणं कठीण आहे. मोकल हे आडनाव आमच्या पेण-अलिबाग भागात घरोघरचं, त्यामुळे पडद्यावर ते दिसलं की जरा आपलेपणा वाटतो. पण फोनसोबत आणखी एक गोष्ट आली, पटाशेजारची ती काळी-पांढरी पट्टी. संगणक आतून हिशेब करतो आणि कोण किती वरचढ आहे ते पट्टी क्षणोक्षणी सांगते. ओटीवरचा नियम मोडून सतत बोलणारा बघ्या म्हणजे ही पट्टी.

१२ डिसेंबर २०२४ च्या संध्याकाळी मी रोह्याला भावाकडे निघाले होते. सिंगापूरला गुकेश आणि डिंग लिरेन यांचा चौदावा, शेवटचा डाव चालू होता, गुण साडेसहा-साडेसहा. गाडीने पेण सोडलं तेव्हा डाव बरोबरीकडे चालला होता. कासूनंतर नेट गेलं. नागोठण्याला परत आलं तेव्हा सगळं आटोपलं होतं. पंचावन्नाव्या चालीत डिंगने हत्ती चुकीच्या घरात ठेवला, हत्ती आणि उंट दोन्ही पटावरून गेले, उरलेल्या प्याद्यांच्या डावात गुकेश जिंकला. अठराव्या वर्षी जगज्जेता. नंतर ते चित्रण बघताना एका गोष्टीने मी थबकले. डिंगची चाल झाली आणि जगभरच्या लाखो पडद्यांवर पट्टी एका क्षणात घसरली. पटावर बसलेल्या गुकेशला मात्र ती चूक उमगायला काही क्षण लागले. ते काही क्षण त्या संपूर्ण सामन्यातले सगळ्यात मोलाचे होते. आधी अविश्वास, मग डोळे विस्फारणं, मग स्वतःला आवरणं. ज्यांना पट्टीने आधीच सांगून टाकलं, त्यांनी हे बाहेरून पाहिलं. त्याच्याबरोबर ते कुणाला जगता आलं नाही.

२८ जुलै २०२५ हा श्रावणातला पहिला सोमवार होता. गणपतीला बरोबर महिना उरलेला, म्हणजे पेणमध्ये मूर्तींच्या कारखान्यांतून पाय ठेवायला जागा नाही. माझा एक जुना विद्यार्थी मूर्तिकार आहे. त्याच्याकडे मूर्ती ठरवायला गेले आणि तिथेच अडकले, कारण साडेचारला बटुमीमध्ये महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीचा टायब्रेक सुरू होत होता. नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी. फोन रंगाच्या डब्याला टेकवून ठेवला. तो डोळ्यांची आखणी करत होता. पहिला जलद डाव बरोबरीत सुटला. दुसऱ्यात हम्पीकडे पांढरे मोहरे होते आणि डाव मध्यावर आला तसा तो म्हणाला, "बाई, ती पट्टी बंद करा. ती हलली की माझा हात हलतो."

पट्टी बंद केली. त्यानंतरचा वेळ मी विसरणार नाही. प्रत्येकी पंधरा मिनिटं आणि चालीमागे दहा सेकंद, एवढ्यावर सगळा खेळ. मन माझं दोन्हीकडे होतं. हम्पी २००२ मध्ये ग्रँडमास्टर झाली तेव्हा दिव्याचा जन्मही झाला नव्हता. जलद बुद्धिबळाचं जगज्जेतेपद हम्पीने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये मिळवलं, आई झाल्यानंतर. आणि इकडे ही एकोणीस वर्षांची पोर. मानांकन पंधरावं, ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म गाठीला नाही. झू जिनर, हरिका, माजी जगज्जेती तान झोंग्यी, एकेकीला हरवून इथवर आलेली. मी माझी चाल मनात ठरवत होते, तो आखणी थांबवून त्याची चाल सांगत होता, आणि दिव्या तिसरंच काही खेळत होती. हम्पीचं घड्याळ संपत आलं. मग हम्पीने डाव सोडला आणि दिव्या आईच्या गळ्यात पडून रडली.

नंतर मी पट्टीसकट तो डाव पुन्हा पाहिला. शेवटच्या टप्प्यात ती वरखाली उसळत होती. दिव्याकडे जिंकण्याची संधी आली होती, निसटली होती, पुन्हा आली होती. "नशीब म्हणून जिंकली," असं म्हणणारे मला त्या आठवड्यात पुष्कळ भेटले. मला हे मुळीच मान्य नाही. संगणकाला घड्याळ नसतं, थकवा नसतो, समोर लहानपणापासून जिचं नाव ऐकलं ती बाई बसलेली नसते. त्या पंधरा मिनिटांत जी कमी डगमगली ती जिंकली, आणि ती दिव्या होती. भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर.

माझ्याकडे शिकलेली मुलं आता त्यांच्या मुलांना घेऊन येतात, फोनवर डाव लावून विचारतात, "बाई, कोण जिंकतंय?" त्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते. पुढची मोठी स्पर्धा लागेल तेव्हा घरातल्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, पट्टी बंद करा, समोर खराखुरा पट मांडा आणि खेळाडू विचार करत असेल तेवढा वेळ तुम्हीही विचार करा. चाल चुकली तरी चालेल, पण ती तुमची असू द्या.